हाण, डाव्या!

बेल्हे, ता. जुन्नर
संवत्सरी, ७ सप्टेंबर १९९७

भैया,

जय जिनेंद्र म्हणायची माझी इच्छा नाही. पण कार्डावर छापूनच आलंय, तर घे बापडा.

यंदाही बापूजींनी क्षमापनेची साडेतीनशे कार्डं छापून आणली. गुलाबी, कडेला सोनेरी पट्टी. ‘गेल्या वर्षभरात मनाने, वचनाने, कायेने आमच्याकडून आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्. खेमचंद आणि परिवार, कापडाचे व्यापारी, बेल्हे.’ तू गेल्यापासून पत्ते मी लिहिते. सोयऱ्यांना, व्याह्यांना, माल पाठवणाऱ्या पेढ्यांना, एवढंच काय, गेल्या दिवाळीला ज्याने कसर लागलेल्या साड्या आपल्या गळ्यात मारल्या त्यालाही कार्ड जातं. सगळ्या दुनियेची माफी मागून होते. फक्त आपल्या घरातून तुला जात नाही.

हे कार्ड मी गठ्ठ्यातून चोरलंय. संवत्सरीच्या दिवशी चोरी! घे, आणखी एक पाप माझ्या नावावर.

तुझा पत्ता कसा मिळाला म्हणशील. कापडाच्या गाठीला गुंडाळून आलेल्या पेपरात तुझा फोटो होता. कलकत्त्याच्या मोठ्या फुटबॉल क्लबात घेतलं म्हणे तुला, त्याच पत्त्यावर टाकतेय. नाव संयम, वय वीस, गाव जिल्हा पुणे. बेल्ह्याचं नाव टाकायला जागा नव्हती वाटतं? मी फोटो आईला दाखवला. तिने तो पदराने पुसला, आणि बापूजी आत येताहेत म्हटल्यावर पिठाच्या डब्याखाली सारला.

बापूजींचं एकच पालुपद आहे. ‘त्याने जैन संघासमोर उभं राहून दोन शब्द म्हणावेत, दार उघडंच आहे.’ दोन शब्द! मिच्छामि दुक्कडम्. अरे, तोतरं पोरही म्हणतं. तुझी काय जीभ झडणार होती?

गावात त्या दिवसाच्या आता सतरा कहाण्या झाल्यात, म्हणून बापूजी सांगतात ती तुला कळवते. चार वर्षांपूर्वीची संवत्सरी. सूर्य बुडायला आलेला, सगळा संघ स्थानकात महाराजसाहेबांसमोर वर्षभराच्या पापांचं प्रतिक्रमण करायला बसलेला, आणि तू पाठीमागच्या भिंतीवर कोळशाने गोलपोस्ट आखून बॉल खेळत होतास. बॉल खिडकीतून आत आला, सामायिकाचं वाळूचं घड्याळ फुटलं, आणि बॉल घरंगळत थेट महाराजसाहेबांच्या पाटापाशी गेला. कातड्याचा बॉल, स्थानकात, आणि तोही संवत्सरीला! मागोमाग बॉल घ्यायला तू आत आलास. सगळ्यांनी तुला पाहिलं. झालं.

बापूजी म्हणाले, माफी माग. तू म्हणालास, मी मारला नाही. मग कोणी मारला? तर तू तोंडात मिठाची गुळणी धरलीस. बापूजींनी घरून चुलीचा चिमटा आणवला आणि बॉल त्याने उचलला, हात लावायला नको म्हणून. तू मधेच म्हणालास, ‘ते कातडं नाहीये.’ त्यावर तुझ्या मुस्काटात बसली. सकाळी पहिल्या एस.टी.ने तू गेलास. सोळा वर्षांचा होतास आणि पायात स्लिपर होती.

बॉल कोणी मारला हे आता कशाला उकरायचं? मारला असेल कोणीतरी. तू दोन शब्द म्हणून टाकले असतेस तर आज आई पिठाच्या डब्याखाली फोटो लपवत बसली नसती. दोष तुझाच आहे. मी कोणाची माफी मागत नाही. छापील ओळ मी खोडली आहे, नीट बघ.

हर्षा


बेल्हे
संवत्सरी, २ सप्टेंबर २०००

भैया,

वा रे वा, हिंदुस्थानचा निळा शर्ट घातलास म्हणजे आकाशाला हात लागले का तुझे?

मुलाखत पाहिली. त्या बाईने विचारलं, घरी कोण कोण असतं? तू म्हणालास, ‘कोणी नाही.’ मी आईशेजारी बसले होते रे. ती डोक्यावर पदर घेऊन, दाराच्या आडून, देवदर्शनाला उभी राहिल्यासारखी टीव्ही बघत होती. तुझं ऐकून आत गेली आणि मुगाची डाळ निवडायला बसली. आधीच निवडलेली होती ती.

कोणी नाही! मग बैलबाजाराच्या मैदानात रोज संध्याकाळी तुझ्यासमोर कोण नाचत होतं? भूत? बाजाराचा वार सोडला तर सहा दिवस शेणाचे पो चुकवत खेळायचो आपण. मी फ्रॉक खोचून. आणि पेपरवाले आता ज्याच्या आरत्या करतात तो तुझा डावा पाय कोणाचा आहे? माझा आहे तो! तू जन्माचा उजवा. तुझा डावा म्हणजे नुसता टेकायला होता. मी डावरी, जेवतेही डाव्याने म्हणून आईच्या चापट्या खायची. माझा फटका तुला अडवता येईना म्हणून चिडून तू डाव्याने मारायला शिकायला लागलास, आणि तुझा बॉल उकिरड्यात गेला की मी ओरडायची, ‘हाण, डाव्या!’ पण तुला तो जमायच्या आधीच तू गाव सोडलंस. कलकत्त्यात गिरवला असशील. पण धडा बेल्ह्याचा होता. सांगितलंस कधी कोणाला?

गाव मात्र वेडं झालंय. तू गोल केलास त्या दिवशी बैलांचा व्यापारी संपत दुकानात येऊन बापूजींना म्हणाला, “शेठ, आपला संयम लई मोठा झाला राव! आमचे बैल बुजवायचा लेकाचा. म्या त्याला लई शिव्या घातल्यात, तेवढ्या माफ करा म्हनावं.” बापूजी त्याच्यापुढे धोतरजोडीचं पान उलगडत राहिले. तुला माहीत आहे ना त्यांची सवय, डोळे मिटून कापड अंगठ्याखाली घासायचं आणि गिरणीचं नाव सांगायचं. त्या दिवशी मांजरपाटाला पॉपलीन म्हणाले.

आणखी एक. कोणत्या तरी पेपरात आलंय की तू मॅचच्या आदल्या दिवशीसुद्धा सूर्य बुडाला की तोंडात काही घालत नाहीस, अंडं नाही, कांदाबटाटा नाही, टीममधले तुला ‘महाराज’ म्हणून चिडवतात. बापूजींनी ते दोनदा वाचलं. पेपर घडी घालून गादीखाली ठेवला. विषय काढायची माझी छाती झाली नाही.

त्याच पेपरात असंही आहे की तू फार गर्विष्ठ आहेस. धक्का लागला तर सॉरी म्हणत नाहीस, कोचने विनाकारण झापलं तर आठ दिवस बोलत नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसं. पण पीळ कोणी घातला, हे कोणी विचारत नाही, ते एक बरं आहे.

ओळ यंदाही खोडली आहे.

हर्षा


मंचर, ता. आंबेगाव
संवत्सरी, ११ सप्टेंबर २००२

भैया,

पत्ता बदललाय, बघितलास? वैशाखात लग्न झालं माझं. तुला पत्रिका मीच टाकली होती, बापूजींच्या नकळत. तू आला नाहीस. मामेभावाला तुझ्या जागी उभं केलं, आणि त्याने करवलीच्या साडीवर पाय दिला.

सासर चांगलं आहे. आमचे हे तुझे भक्त. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा माझ्याऐवजी तुझीच चौकशी करत होते. सासूबाई मात्र जुन्या वळणाच्या. परवा पोळ्या करताना म्हणाल्या, “तो स्थानकातला बॉल तुझ्या भावानेच मारला होता ना गं?” माझी तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली. मी म्हटलं, “माझा भाऊ माफी मागत नाही. मीही मागत नाही. आमच्या घराण्यातच नाही ते.” त्यावर त्या म्हणाल्या, “अगोबाई, मी फक्त विचारलं.”

का भांडले मी त्यांच्याशी? जाऊ दे.

बापूजींना साखर निघालीये. अंगठ्याला मुंग्या येतात, कापड कळत नाही म्हणतात. अजूनही तुझ्या दोन शब्दांसाठी अडून बसलेत. तू तिकडे, ते इकडे, आणि आई मधल्या मध्ये जात्यात. माणसं मरतात भैया, नुसती हट्टापायी वाट बघत मरतात. मग कोणाला म्हणणार आहेस ते दोन शब्द, फोटोला?

हर्षा


मंचर
२१ ऑगस्ट २००५

भैया,

हे पत्र अवेळी आहे. संवत्सरीला अजून अठरा दिवस आहेत, पण तुझ्याकडे तितका धीर धरण्यासारखा वेळ नाही.

फायनल बघितली. तू डाव्याने मारलास, बॉल वरच्या दांडीला लागून बाहेर गेला, आणि तू ओरडलास. शेजारीच लाइनमन उभा होता. त्याने झेंडा वर केला, रेफरीने लाल कार्ड काढलं. आता तुमच्या मंडळाची शिस्त समिती म्हणते की तू त्याला घाणेरडी शिवी दिलीस. वीस सप्टेंबरपर्यंत लेखी माफी, नाहीतर वर्षभर बंदी. अठ्ठाविसाव्या वर्षी वर्षभर घरी बसणं म्हणजे तुझा खेळ संपलाच की!

टीव्हीवर तुझं तोंड त्यांनी इतक्यांदा दाखवलं की आमच्या शेजारची कोंडाबाईसुद्धा म्हणाली, “शिवीच दिली त्यानं, व्हटावरनं कळतंय की.” मी गप्प बसले. मला कळलं होतं तू काय म्हणालास ते. पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच कळलं. तू स्वतःच्या पायाला म्हणालास, ‘हाण, डाव्या!’ कुठल्या परप्रांताच्या लाइनमनला ते कळणार? हे कलकत्त्यात कोणाला पटवून देणार आहेस तू?

म्हणून सांगते, सही कर आणि मोकळा हो. मीही आता थकले तुझी बाजू घेऊन. छापील माफी असते रे, कोणी मनापासून मागत नाही. आपण साडेतीनशे पाठवतो, त्यातल्या किती खऱ्या असतात? दोनच ओळी. कर सही.

हर्षा


मंचर
९ सप्टेंबर २००५, पारण्याचा दिवस

भैया,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांत पहिलं. साधं पोस्टकार्ड, त्यावर दीड ओळ.

‘जे केलं नाही त्याची माफी मागत नाही. तुला माहीत आहे.’

तुला माहीत आहे. हे तीन शब्द मी दहा दिवस काखेत विंचू ठेवावा तसे घेऊन हिंडले. माहीत होतं रे. बारा वर्षं माहीत होतं. तुला शहाणपण शिकवलं, तुला गर्विष्ठ म्हटलं, ‘मारला असेल कोणीतरी’ असंही लिहिलं. काय ही माझी निर्लज्ज लेखणी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तर ऐक. काल संवत्सरीसाठी बेल्ह्याला गेले होते. प्रतिक्रमण झालं. सगळे एकमेकांपुढे हात जोडायला लागले, तेवढ्यात मी बायकांच्या बाजूने उभी राहिले. आवाज मोठा निघाला, बैलबाजारातला.

म्हटलं, “बारा वर्षांपूर्वी ह्या खिडकीतून बॉल आला तो माझ्या भावाने मारला नव्हता. मी मारला होता. पोटात दुखतं म्हणून मी इथून उठून गेले होते, ते खोटं होतं. संयम भिंतीपाशी गोली म्हणून उभा होता. बॉल डाव्या पायाचा होता, आणि त्याचा डावा तेव्हा काही कामाचा नव्हता. तो बॉल आणायला आत आला आणि मी घरी पळून पांघरूण घेऊन झोपले. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.”

समोरून संघाचे अध्यक्ष म्हणाले, “बेटी, झालं गेलं. संघासमोर मिच्छामि दुक्कडम् म्हण आणि बस.”

आणि भैया, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “नाही म्हणणार. बॉल मारल्याची माफी मी मागणार नाही. तेरा वर्षांची होते मी, खेळत होते, आणि फटका लई भारी बसला होता. घड्याळ फुटलं त्याचं वाईट वाटतं. मी गप्प बसले त्याची माफी मागायचीय, पण ती तुमची नाही. ज्याची आहे त्याची मागेन.” आणि बसले. पलीकडून कोणीतरी म्हणालं, “भावावर गेलीय.” मी म्हटलं, “भाऊ माझ्यावर गेलाय!”

मग घरी आलो. बापूजींचा निर्जळी उपास होता, साखर असूनही. आई मला म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुझ्या डाव्या अंगठ्याचं नख फुटलं होतं त्या दिवशी.” मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, “एक लेकरू तर घरात राहू दे म्हटलं.”

आज सकाळी पारण्यासाठी मुगाचं पाणी ठेवलं, तर बापूजींनी वाटी बाजूला सारली. आईला विचारलं, “तो बॉल टाकला होतास ना?” आई शिडी लावून माळ्यावर गेली आणि कटपिसांचं बोचकं घेऊन उतरली. आत बॉल. बारा वर्षं तिने तुकड्यांत गुंडाळून ठेवला होता, भैया. हवा गेलेली, चपटा झालेला.

बापूजींनी तो दुकानाच्या गादीवर समोर ठेवून घेतला. मग हात पुढे केला. पहिल्यांदाच हात लावला त्यांनी त्याला. आणि सवय ती सवय, डोळे मिटले गेले आणि अंगठा फिरायला लागला. एकदा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. अंगठ्याला मुंग्या येतात ना, म्हणून दुसऱ्या हाताने करून पाहिलं. मग शिवणीशी नखाने उचकटून आतलं अस्तर बघितलं.

“रेक्झिन आहे हे,” म्हणाले. “आतून कापड आहे. साधं कापड.”

आई म्हणाली, “तो सांगत होता.”

मी म्हटलं, “आपल्या घरात चालावा म्हणून त्याने नारायणगावात चार दुकानं पालथी घालून रेक्झिनचा शोधला होता. तुम्ही चिमट्याने उचललात.”

बापूजी म्हणाले, “चाळीस वर्षं कापड हाताळतोय मी.” आणि डोळे पुसायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सोप्या गोष्टी नाहीत ह्या बघायला. मग मी तुझं पोस्टकार्ड आल्याचं सांगितलं, ते त्यांनी मागितलं. ती दीड ओळ वाचली, चष्मा पुसून परत वाचली. विचारलं, “ते तिथले लोक पण माफी मागायला लावताहेत त्याला?” मी फायनलचं सगळं सांगितलं. हाण डाव्याचंही. ‘हाण डाव्या’ ऐकून एवढुसं हसू आलं त्यांना.

आई म्हणाली, आधी पारणं करा. ते म्हणाले, आधी कार्ड आण.

ते कार्ड सोबत जोडलंय. अक्षर वाकडं आहे. छापील ओळ आणि ‘आणि परिवार’ दोन्ही त्यांनी स्वतः खोडलंय. तुला वाचायला त्रास होईल म्हणून खाली उतरवून देते.

‘चि. संयम, जे केलं नाहीस त्याची माफी मागू नकोस. तिथेही नको, इथेही नको. मी मागतो. मिच्छामि दुक्कडम्. खेमचंद.’

हे लिहून मग बापूजी पाणी प्यायले.

माझं कार्ड दुसरं. त्यावरची ओळ बघ. आठ वर्षं खोडत आले, यंदा खोडलेली नाही. खाली सही केली आहे. छापील आहे, पण खरी आहे. माझ्या भावा, मी गप्प बसले. मिच्छामि दुक्कडम्.

मागच्या पत्रात ‘सही कर’ लिहिलं होतं ते फाडून टाक. करू नकोस! त्या शिस्त समितीला मी आज रजिस्टर पत्र टाकलंय. हाण म्हणजे काय, डाव्या म्हणजे कोण, आणि ही ओरड पहिल्यांदा कोणी आणि कुठे मारली, सगळं स्वच्छ लिहिलंय. ते मानणार नाहीत, मला माहीत आहे. न मानू देत. बंदी घातली तर खुशाल घालू दे आणि तू गाडीत बसून ये. बेल्ह्याचं मैदान बाजाराचा वार सोडला तर सहा दिवस मोकळंच असतं.

दुपारी सायकलवाल्या गेणूकडून बॉलमध्ये हवा भरून घेतली. तो म्हणाला, “ताई, टिकायची न्हाई, लई जुनाय.” टिकली. संध्याकाळी मंचरला परतण्याआधी मी स्थानकामागे गेले, साडी खोचली आणि एक हाणला. खिडकीला आता जाळी बसवलीय, अडला. आईने बघितलं आणि बॉल परत माझ्याकडे सारला.

गोलीची जागा रिकामी आहे. ये.

हर्षा